मस्टरवरची सही आणि मधले आठ तास

लोकलच्या डब्यात ठरलेल्या जागी रोज भेटणाऱ्या माणसांचे काही वाद कधीच मिटत नाहीत. त्यातला एक असा. महापालिकेत किंवा मंत्रालयात नोकरी करणारा आणि खासगी कंपनीत जाणारा शेजारी-शेजारी उभे राहिले, की दिव्यापर्यंत पगारवाढीवर बोलणे होते आणि मुंब्रा येईस्तोवर विषय घसरतो: "खरं सांगा, तुम्ही लोक काम किती तास करता हो?" मग एकाने दुसऱ्याचा चहा काढायचा, दुसऱ्याने पहिल्याचा मोबाइल. ठाण्याला दोघांपैकी एक उतरतो आणि वाद दुसऱ्या दिवसावर जातो.

डोंबिवली-ठाणे प्रवासात मीही या वादात दोन्ही बाजूंनी बोललो आहे. या लेखात मात्र बाजू घ्यायची नाही. कामाच्या वेळेपैकी प्रत्यक्ष काम किती होते, हे आजवर कुणी कसे मोजले, त्यावरून कोणत्या भूमिका तयार झाल्या आणि काय अनिर्णित राहिले, एवढेच पाहायचे आहे.

गिरणीच्या आवारातला वेळ

आपल्याकडे या प्रश्नाची सुरुवात गिरण्यांत झाली आणि तिचा एक धागा ठाण्याला येऊन मिळतो. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्यातला. मांडवीच्या एका गिरणीत ते स्टोअरकीपर होते, पुढे 'दीनबंधू'चे संपादक झाले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबणारे काम आणि महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, अशा त्यातल्या मागण्या होत्या. रविवारची सुट्टी १० जून १८९० पासून मिळाली, आणि लोखंडे आज त्या सुट्टीसाठीच ओळखले जातात. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक बोलकी मागणी दुपारच्या अर्ध्या तासाची आहे. विश्रांतीची वेळ नेमून दिलेली नसली तरी माणूस विश्रांती घेतोच. फक्त ती हिशेबात येत नाही.

ही बिनहिशेबी विश्रांतीच पुढे मालकांच्या हातातला युक्तिवाद बनली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले, सूर्यास्ताची अडचण संपली आणि दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. १९०८ च्या कारखाना कामगार आयोगापुढे मालकांचे म्हणणे असे, की हिंदी कामगार इतके तास काही सलग राबत नाही. मधून मधून आवारात जाऊन बिडी ओढतो, अंघोळ करतो, जेवतो, आडवा होतो. तेव्हा तासांची संख्या पाहून घाबरून जाऊ नये. आयोगाच्या बहुमतालाही प्रौढ पुरुषांचे तास कायद्याने बांधणे नको होते. डॉ. टी. एम. नायर यांनी मात्र भिन्न मतपत्रिका जोडून थेट मर्यादेची मागणी केली. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये ती दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तास झाली, १९३४ मध्ये दहा आणि चोपन्न, आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमात नऊ आणि अठ्ठेचाळीस.

प्रत्येक वेळी तास घटले तशी मालकांची नजर मधल्या वेळेवर गेली. दिवस लांब होता तोवर आवारातली बिडी खपून जात होती. दिवस आखूड झाला तेव्हा ती खुपू लागली. एका कामगाराने जास्त माग, जास्त चात्या सांभाळायच्या, ही 'एफिशियन्सी' पद्धत विसाच्या दशकात आली. १९२८ च्या सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपामागे जी कारणे होती, त्यांत ही पद्धत ठळक होती. तास किती, हा तंटा हळूहळू तासाच्या आत काय, या तंट्यात बदलत गेला तो असा.

काम कशाला म्हणायचे

मोजण्याआधी व्याख्या लागते. श्रम-सांख्यिकी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००८ मध्ये कामाच्या वेळेची व्याख्या नव्याने केली, ती आज जगभर प्रमाण मानली जाते. तिच्यात 'प्रत्यक्ष काम केलेले तास' म्हणजे निव्वळ हात चालू असलेले तास नव्हेत. हत्यारांची तयारी, साफसफाई, यंत्र बंद पडले किंवा माल आला नाही म्हणून थांबून राहणे, इतकेच काय, चहापुरती छोटी विश्रांती, हे सगळे तिच्यात कामातच धरले जाते. वगळले जाते ते जेवणाची मोठी सुट्टी आणि घर ते कामाचे ठिकाण हा प्रवास. म्हणजे डब्यातल्या वादात ज्या चहावरून शब्दाला शब्द लागतो, तो या व्याख्येप्रमाणे कामाच्या तासांतच बसतो. आणि ज्या प्रवासाने माणसाचा जीव जातो, तो बसत नाही.

आपल्या देशात वेळेचा सर्वांत मोठा हिशेब राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 'वेळ वापर सर्वेक्षणा'त सापडतो. ते पहिल्यांदा देशभर २०१९ मध्ये झाले, पुन्हा २०२४ मध्ये. माणसाला आदल्या दिवसाच्या पहाटे चारपासून पुढच्या पहाटे चारपर्यंत काय काय केले ते विचारायचे आणि अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खान्यांत भरायचे, अशी त्याची रीत. एका खान्यात जास्तीत जास्त तीन गोष्टी, त्याही दहा मिनिटांहून कमी नसलेल्या. त्यामुळे आठ मिनिटांचा कटिंग चहा या नोंदीत दिसणारच नाही.

२०१९ च्या नोंदीत नोकरी-धंदा आणि तत्संबंधी कामांत भाग घेतलेल्या पुरुषांची दिवसाची सरासरी ४५९ मिनिटे निघाली, स्त्रियांची ३३३. म्हणजे अनुक्रमे सात तास एकोणचाळीस मिनिटे आणि साडेपाच तासांच्या जरा वर. हा आकडा घेऊन 'बघा, भारतीय माणूस आठ तासही काम करत नाही' असे म्हणायचा मोह होतो. पण ज्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावर हे सर्वेक्षण उभे आहे, त्यात 'नोकरी आणि तत्संबंधी' या मोठ्या गटात नोकरीसाठीचा प्रवासही येतो आणि कामाला जोडून घेतलेली विश्रांतीही. एक व्याख्या प्रवास बाहेर ठेवते, दुसरी आत घेते. कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे ५४ किलोमीटरवर जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा फरक दिवसाला तीन तासांचा होऊ शकतो. म्हणून या विषयावरचा कोणताही आकडा हातात आला, की आधी त्यात गाडी धरली आहे का ते पाहावे.

विचारून, लिहून, अचानक जाऊन

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे माणसालाच विचारणे. 'दिवसातून प्रत्यक्ष काम फक्त दोन तास त्रेपन्न मिनिटे' हा आकडा व्हॉट्सअॅपवर सर्वांनी कधी ना कधी वाचलेला असतो. तो ब्रिटनमधला आहे. खरेदीची सवलत कूपने देणाऱ्या एका कंपनीने १,९८९ कार्यालयीन कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारून तो काढला. ही जाहिरातीसाठी केलेली पाहणी होती आणि तिच्यात माणसांनी स्वतःबद्दल अंदाजाने दिलेल्या उत्तरांपलीकडे काही नव्हते. तरीही तो आकडा सिद्धांतासारखा फिरतो. माझ्या मते या वादातला हा सर्वांत कच्चा पुरावा आहे.

अंदाज दुसऱ्या दिशेनेही चुकतो. अमेरिकेत जॉन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांनी तोंडी सांगितलेले तास आणि त्यांच्याच दैनंदिनीतले तास शेजारी ठेवले. लोक साधारण पाच ते दहा टक्के जास्त सांगतात असे निघाले, आणि जो जास्त तास सांगतो त्याची फुगवणूकही मोठी. 'आम्ही बारा-बारा तास राबतो' हे वाक्य या निष्कर्षाच्या उजेडात ऐकावे लागते.

दैनंदिनी हा त्यातला बरा मार्ग. मायकेल बर्डा, केटी जेनाडेक आणि डॅनियल हॅमरमेश यांनी अमेरिकेच्या वेळ-वापर नोंदी तपासून २०१६ मध्ये दाखवले, की कामाच्या जागी असलेल्या वेळेपैकी काम न करण्यात जाणारा वेळ सरासरी सुमारे सात टक्के आहे. त्यातला मोठा हिस्सा खाण्यापिण्याचा. सात टक्के म्हणजे आठ तासांत चौतीस मिनिटे. कूपनवाल्या कंपनीच्या आकड्याशी तुलना केली तर एकीकडे अर्धा तास वाया, दुसरीकडे पाच तास. सत्य नेमके कुठे, हे मोजण्याच्या पद्धतीवर किती अवलंबून आहे ते यावरून कळावे.

तिसरा मार्ग अचानक भेटीचा. मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी २००२-०३ मध्ये भारतभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत न कळवता माणसे पाठवली. देशात चारातला एक शिक्षक शाळेत नव्हता आणि जेमतेम निम्मे प्रत्यक्ष शिकवताना आढळले. राज्यांत सर्वांत कमी गैरहजेरी महाराष्ट्राची होती, १४.६ टक्के; झारखंडची जवळजवळ ४२. मात्र शाळेत नसलेला शिक्षक काम करत नव्हता असे यातून निघत नाही. मतदार यादी, जनगणना, निरनिराळी सर्वेक्षणे ही कामे शिक्षक शाळेबाहेरच करतो. कामाच्या जागेवर नसणे आणि कामावर नसणे या दोन गोष्टी अचानक भेटीला वेगळ्या दिसत नाहीत.

राहिला यंत्राचा मार्ग: अंगठा, चेहरा, संगणकावरच्या कळांची मोजणी. अंगठा माणूस आला आणि गेला एवढेच सांगतो. राजस्थानात उदयपूरजवळ ग्रामीण परिचारिकांच्या हजेरीवर तारीख-वेळ छापणाऱ्या यंत्रांनी देखरेख ठेवण्याचा प्रयोग अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि रेचल ग्लेनरस्टर यांनी अभ्यासला. सुरुवातीला हजेरी झपाट्याने सुधारली; मग वरिष्ठांनी 'सूट दिलेले दिवस' मंजूर करायला सुरुवात केली आणि दीड वर्षाच्या आत परिणाम पुसला गेला. यंत्र तेच राहिले, त्याच्या भोवतीच्या माणसांनी वाट काढली. मी ज्या एका कार्यालयात होतो तिथे सहा वाजायला दहा मिनिटे असताना यंत्रापुढे रांग लागे. ती दहा मिनिटे यंत्राच्या हिशेबात कामाची होती.

हात थांबतात ते कुणामुळे

इथपर्यंत वाद मोजमापाचा होता. खरा मतभेद पुढे आहे: जो वेळ रिकामा जातो, त्याचे कारण काय?

एक भूमिका कामगाराकडे बोट दाखवते. आर्थिक इतिहासकार ग्रेगरी क्लार्क यांनी १९८७ च्या एका गाजलेल्या निबंधात निरनिराळ्या देशांतल्या कापड गिरण्यांची तुलना केली. १९१० च्या सुमारास न्यू इंग्लंडमधला एक कामगार जेवढे काम करी तेवढ्याला भारतात जवळजवळ सहा माणसे लागत, असा त्यांचा हिशेब. यंत्रे तीच, बहुतेक इंग्लंडहूनच आलेली. भांडवल, हवामान, कापसाची प्रत ही कारणे त्यांनी एकेक करून बाजूला केली आणि उरला तो कामगाराच्या कामाचा वेग. मुंबईच्या गिरण्या या युक्तिवादाच्या केंद्रस्थानी आहेत.

दुसरी बाजू मुंबईचाच इतिहास पुढे ठेवते. मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ मध्येच दाखवले होते, की मुंबईचा गिरणी कामगार शिस्तीला नालायक होता हे मालकांनी रंगवलेले चित्र पुराव्यावर टिकत नाही. शिस्त किती लावायची हे मालकांनीच नफ्याच्या गणिताने ठरवले होते. मजूर स्वस्त असताना एका मागाला दोन माणसे ठेवणे परवडते, मग कोण कुणाला घाई करणार? राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात बदली कामगार, मुकादम आणि अनिश्चित मागणी यांचे जाळे उलगडून हेच अधिक खोलात नेले. दोन्ही पक्षांजवळ भरपूर कागद आहे आणि अभ्यासकांत आजही एकमत नाही.

या वादात आपल्या भागातला एक प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो कागदावरचा तर्क नसून कारखान्यात जाऊन केलेला आहे. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव इथल्या कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांचे २८ कारखाने निवडले. तारापूर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. काही कारखान्यांना व्यवस्थापन सल्लागार फुकट पुरवले, काहींना तुलनेसाठी तसेच ठेवले. सल्लागारांना आत काय दिसले? सुताची पोती कशीही रचलेली, कोणते सूत कुठे आहे याची यादी नाही. हत्यारे जागेवर नाहीत. माग का बंद पडला याची नोंद नाही, म्हणून तो त्याच कारणाने पुन्हा बंद पडतो. कामगार उभा आहे, कारण माग उभा आहे. साफसफाई, देखभालीचे वेळापत्रक, दोषांची रोजची नोंद, मालाची यादी, असे साधे बदल केल्यावर पहिल्याच वर्षात उत्पादकता सतरा टक्क्यांनी वाढली. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. कामगार तेच होते.

प्रयोगाचा उत्तरार्धही सांगायला हवा. काही वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या सोडून दिलेल्या आढळल्या, विशेषतः जिथे व्यवस्थापक बदलला होता तिथे. तरी ज्यांना सल्ला मिळाला होता ते कारखाने बाकीच्यांच्या पुढेच होते.

भिवंडीचा यंत्रमाग या चौकटीत नीट बसत नाही. तिथे बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, आणि मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर. वीज गेली, बीम संपला, धागा सारखा तुटू लागला, तर वेळ जातो तो मजुराच्या खिशातून. मालकाला त्या वेळेची किंमत मोजावी लागत नाही, म्हणून तो मोजण्याचे कारणही नाही. ठाण्या-कल्याणच्या नाक्यांवर सकाळी थैली घेऊन उभा राहणारा बिगारी किंवा रंगारी तर काम मिळण्याआधीच दोन-तीन तास थांबतो, कधी दहा वाजता तसाच घरी जातो. खाद्यपदार्थ पोचवणारा मुलगा हॉटेलच्या दाराशी ऑर्डरची वाट पाहत बसतो. २००८ ची व्याख्या यंत्र बंद पडल्यावरच्या थांबण्याला काम म्हणते, पण ती पगारदाराच्या थांबण्याला शोभते. नाक्यावरच्या थांबण्याला ती कुठे बसवायची यावर सांख्यिकीवाल्यांचेही एकमत नाही.

खिडकीच्या आतली बाजू

सरकारी कचेरीबद्दल बोलताना प्रत्येकाकडे एक गोष्ट असते. "साहेब मीटिंगला गेलेत", "साहेब साइटवर आहेत", आणि अलीकडचे, "साहेब व्हीसीवर आहेत". गोष्टी बाजूला ठेवल्या तर राज्य सरकारचा स्वतःचा हिशेब पाहण्यासारखा आहे.

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाने पाच दिवसांचा आठवडा लागू केला. त्या वेळी दिलेले गणित असे: आधी वर्षाचे कामाचे दिवस २८८, दिवसाला सव्वासात तास, एकूण २,०८८ तास. आता दिवस २६४, दिवसाला आठ तास, एकूण २,११२. सुट्ट्या वाढूनही वर्षाला चोवीस तास जास्तच. वेळ झाली पावणेदहा ते सव्वासहा, मध्ये जेवणाचा अर्धा तास. तो अर्धा तासच आहे, दुपारी एक ते दोनच्या दरम्यान केव्हाही पण अर्धाच, याची आठवण करून देणारे परिपत्रक आदल्याच वर्षी काढावे लागले होते. परिपत्रकाची गरज पडली यातच जेवणाच्या सुट्टीची हकीगत आली.

गणित बरोबर आहे. पण ते हजेरीच्या तासांचे आहे. पावणेदहाला आत आलेल्या माणसाच्या टेबलावरून सव्वासहापर्यंत किती प्रकरणे हलली, हे त्यात येत नाही. ते दुसऱ्या कायद्यांनी पाहायचे ठरवले. २००५ चा, लोक ज्याला दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात तो, कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असे सांगतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे ते ठरवून दिले आणि विलंबासाठी अपिलाची सोय केली. ही मोजण्याची दिशाच निराळी आहे. घड्याळ माणसावर न लावता कागदावर लावायचे. कर्मचारी संघटनांचे म्हणणे असे, की रिक्त पदे भरल्याशिवाय कागदाचे घड्याळ अन्यायाचे होते: तीन टेबलांचे काम एकाकडे असेल तर सात दिवस कुठून आणायचे? नागरिकांच्या बाजूचे उत्तर, की मग निदान कोणत्या टेबलावर किती दिवस गेले ते जाहीर करा. दोन्ही मागण्या रास्त आहेत आणि एकमेकींच्या आड येत नाहीत.

तास वाढवले तर

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांच्या तोंडी नव्वद तास आले. वाद झडले, विनोद झाले. त्या गोंगाटात एक जुना पुरावा क्वचितच कुणी आठवला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांतल्या कामगारांच्या नोंदी जॉन पेनकॅव्हल यांनी २०१५ मध्ये पुन्हा तपासल्या. आठवड्याला साधारण पन्नास तासांपुढे प्रत्येक वाढीव तासाचे उत्पादन घसरत जाते, आणि सत्तर तासांचे एकूण उत्पादन छप्पन्न तासांच्या उत्पादनाहून फारसे जास्त नसते, असे त्यांना आढळले. सत्तर तासांचे समर्थक म्हणतात की तोफगोळे आणि सॉफ्टवेअर यांत फरक आहे, आणि नवी कंपनी उभी करणाऱ्याला घड्याळ लावता येत नाही. पहिला मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या नोंदीप्रमाणे भारतातला कामकरी आताच आठवड्याला सरासरी ४६ तासांहून जास्त काम करतो. असे असताना ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास आणि दुकाने-आस्थापनांतली नऊवरून दहा तास करायला मंजुरी दिली; कारखान्यांत तीन महिन्यांतल्या अतिकालिक कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर गेली. कामगाराची लेखी संमती आवश्यक ठेवली आहे. उद्योजक म्हणतात, जे चोरून होत होते ते कायद्यात आले आणि दुप्पट दर मिळू लागेल. संघटना विचारतात, कंत्राटी कामगार संमती नाकारणार कशी? २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता अमलात आल्या, त्यांत दिवसाचे आठ तास मूळ धरले आहेत.

घरून काम करण्याच्या वर्षांनी वेगळाच पुरावा दिला. एका मोठ्या आशियाई आयटी सेवा कंपनीच्या दहा हजारांवर कर्मचाऱ्यांच्या नोंदी मायकेल गिब्स आणि सहकाऱ्यांनी पाहिल्या. महासाथीत घरून काम करताना तास बरेच वाढले, हाती आलेले काम जवळपास तेवढेच राहिले. वाढलेले तास बैठकांत आणि समन्वयात गेले. ठाण्यात वागळे इस्टेटला जिथे एके काळी लेथ चालत तिथे आज काचेच्या इमारतींत हेच काम चालते, आणि आठवड्यातले दोन दिवस घरून की पाचही दिवस कार्यालयात, याची ओढाताण अजून मिटलेली नाही.

आणि वामकुक्षी. चेन्नईत माहिती भरण्याचे काम करणाऱ्या गरीब कामगारांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. रात्रीची झोप वाढवून कामात काहीच फरक पडला नाही, पण दुपारी अर्ध्या तासाची डुलकी दिल्यावर त्यानंतरचे काम सुधारले. मात्र डुलकीऐवजी सलग काम करणाऱ्याची कमाई एकूणात जास्तच भरली, कारण अर्धा तास गेला तो गेलाच. पुण्याच्या दुकानदारांनी यातला पहिला निष्कर्ष फ्रेम करून लावावा, दुसरा सांगू नये.

पत्रकात नसलेले तास

आता ती गोष्ट, जिच्यामुळे ठाणे-कल्याण-डोंबिवलीचा हिशेब पुण्या-नाशिकच्या हिशेबापेक्षा वेगळा पडतो. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला सत्तावन्न मिनिटांत पोचली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला आले आणि कामाची जागा घरापासून पन्नास किलोमीटर दूर असणे शक्य झाले. आठ तासांच्या नोकरीसाठी अकरा-बारा तास घराबाहेर असणे इथे विशेष मानले जात नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या लोकलमधून माणसे पडून मेली, तेव्हा कार्यालयांच्या वेळा विभागण्याची चर्चा पुन्हा उठली. मध्य रेल्वेने २०२३ मध्येच आपल्या मुख्यालयातल्या कर्मचाऱ्यांच्या वेळा दोन गटांत वाटल्या होत्या आणि इतर संस्थांना तसेच करण्याची विनंती केली होती. प्रतिसाद तुरळक राहिला. उभ्याने, लोंबकळत दीड तास आलेला माणूस पहिला अर्धा तास काय करतो, हे कामचुकारपणात मोजायचे की प्रवासात, याचे उत्तर वरच्या एकाही अभ्यासात नाही.

बायकांचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा बिनपगारी घरकामात दिवसाचा सरासरी वेळ ३०५ मिनिटे निघाला. २०१९ मध्ये तो ३१५ होता. पाच वर्षांत दहा मिनिटे घटली. मुलाबाळांची, आजाऱ्यांची देखभाल याशिवाय: ती करणाऱ्या स्त्रीची १४० मिनिटे, पुरुषाची ७४. संध्याकाळच्या लेडीज डब्यात मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलणारी, मेथी निवडणारी बाई सर्वेक्षणाच्या कोणत्या खान्यात जाईल? एका अर्ध्या तासात दोन कामे असली तर दोन्ही लिहायची सोय आहे, एक मुख्य ठरवायचे. ती बाई कामावरून परत येत आहे, की कामावर आहे, हे गणकाने ठरवायचे.

काय उरले

आजवरच्या पुराव्यावरून एवढे म्हणता येते. दिवसात तीनच तास काम होते, हा दावा टिकत नाही. सगळे आठ तास हात चालतात, हाही नाही. ज्या अभ्यासांनी कारखान्यात उतरून पाहिले, त्यांना वाया जाणाऱ्या वेळेत आळसापेक्षा थांबण्याचा वाटा मोठा दिसला. पण ते अभ्यास कारखान्यांचे आहेत, कचेऱ्यांना ते तसेच लागू होतात असे सिद्ध झालेले नाही. क्लार्क आणि चंदावरकर यांच्यात निवाडा व्हायचा आहे. बारा तासांच्या मुभेने उत्पादन वाढते की फक्त हजेरी, हे कळायला काही वर्षे जातील. आणि वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे राज्यापर्यंत येऊन थांबतात, जिल्ह्यापर्यंत उतरत नाहीत.

ती उणीव भरून काढणे आपल्या हातातले आहे. सर्वेक्षणाची पद्धत उघड आहे, वर्गीकरण उपलब्ध आहे, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खान्यांचा तक्ता कोणालाही छापता येतो. कल्याणचे बिर्ला, डोंबिवलीचे पेंढरकर, ठाण्याचे जोशी-बेडेकर या महाविद्यालयांत अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकणारी शेकडो मुले रोज याच गाड्यांनी जातात, त्यांच्या घरात एक तरी चाकरमानी आहे. त्यांच्या प्राध्यापकांना विनंती, की पुढच्या वर्षीचा प्रकल्प यावर द्यावा: वागळे इस्टेटमधले एक कार्यालय, भिवंडीतला एक यंत्रमाग कारखाना, महापालिकेची एक खिडकी, एक नाका आणि वीस घरे, एक आठवडा. प्रवास, थांबणे आणि चहा यांचे रकाने मात्र वेगळे ठेवावेत.